मोटारीच्या पुढील नंबरप्लेटचा ब्रॅकेट : घरी काय काढावे, कुठे थांबावे

मोटारीच्या पुढील बंपरवर नंबरप्लेट थेट बसवलेली आहे, असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक आधुनिक मोटारींत प्लेट आणि बंपर यांच्या मध्ये प्लास्टिकची एक पातळ बैठक असते. तिलाच ब्रॅकेट म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात ‘नंबरप्लेटची फ्रेम’ मागितली तरी हाच किंवा याच जातीचा भाग पुढे केला जातो. पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीने दिलेला हलकासा धक्का, उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक, बंपरचे रंगकाम, जुनी प्लेट बदलण्याची तयारी अशा कारणांनी हा भाग काढण्याची वेळ येते. काम तसे अर्ध्या-पाऊण तासाचे असते आणि त्याला लागणारी हत्यारेही बहुतेक घरांत असतात. तरीही ते सुरू करण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ब्रॅकेट हा प्लास्टिकचा मामुली तुकडा आहे. त्यावर बसलेली प्लेट मात्र कायद्याच्या दृष्टीने मोहोरबंद वस्तू आहे. एक काढताना दुसरीची मोहोर तुटणार असेल, तर ते काम घरचे उरत नाही.

हा भेद आपल्याकडे अजून पुरेसा रुजलेला नाही. जुन्या अँबॅसेडर किंवा फियाटच्या लोखंडी बंपरला नंबरप्लेट दोन बोल्टांनी अडकवलेली असे. ती कोणीही खोलावी, पेंटरकडून अक्षरे नव्याने रंगवून घ्यावीत आणि परत लावावी, असा मामला होता. त्यात आता परदेशी चित्रफितींची भर पडली आहे. पुढचा ब्रॅकेट काढून बंपर ‘स्वच्छ’ कसा करावा, हे उत्साहाने दाखवणाऱ्या चित्रफिती मोठ्या प्रमाणात अमेरिकेतील असतात. तेथे फ्लोरिडा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत खासगी मोटारीला फक्त मागची प्लेट लागते. ओहायोनेही २०२० पासून पुढच्या प्लेटची सक्ती उठवली. साहजिकच तिथल्या मालकाला रिकामा ब्रॅकेट नकोसा वाटतो. भारतात पुढची आणि मागची अशा दोन्ही प्लेट अनिवार्य आहेत. त्यामुळे आपल्याकडे ब्रॅकेट काढणे म्हणजे तो बदलणे किंवा दुरुस्त करून पुन्हा लावणे, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो.

प्लेटविषयी कायदा काय सांगतो

वाहनाचा नोंदणी क्रमांक कसा आणि कोठे दाखवायचा, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ यांत सांगितले आहे. उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘एचएसआरपी’, हिची तरतूद या नियमांत २००१ मध्ये झाली. १ एप्रिल २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या वाहनाला ती कंपनीनेच पुरवण्याचे बंधन आले. त्याआधीच्या वाहनांसाठी निरनिराळ्या राज्यांनी पुढे आपापल्या मोहिमा काढल्या. शेजारच्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्यावरून झालेली धावपळ आपल्या वाचकांनी पाहिलेली आहे.

ही प्लेट ॲल्युमिनियमची असते. मोटारीसाठी तिचे नेहमीचे माप ५०० मिलिमीटर बाय १२० मिलिमीटर असते. काही गाड्यांवर ३४० बाय २०० मिलिमीटरची प्लेटही दिसते. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा क्रोमियम होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात ‘आयएनडी’ ही अक्षरे आणि डाव्या बाजूला खाली लेझरने कोरलेला किमान दहा अंकांचा क्रमांक असतो. हा लेझर क्रमांक त्या विशिष्ट प्लेटचा असतो आणि वाहनाच्या नोंदीशी जोडलेला असतो. म्हणूनच हुबेहूब दिसणारी दुसरी प्लेट बाजारातून करून आणली, तरी ती कायद्याच्या लेखी प्लेट ठरत नाही.

ब्रॅकेटच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे स्नॅप लॉक. हे एकदाच वापरता येणारे कुलूप आहे. खिळ्यासारखा भाग प्लेटच्या भोकातून मागच्या वाटीत दाबला की तो अडकतो आणि पुन्हा सुटत नाही. सोडवायचा म्हणजे तोडायचाच. प्लेट चोरून दुसऱ्या वाहनावर लावता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. नियमात मागच्या प्लेटच्या कुलपाचा खास उल्लेख आहे, पण व्यवहारात पुढची प्लेटही बहुतेक गाड्यांवर याच कुलपांनी बसवलेली आढळते.

आधी पाहावे, मग हात लावावा

बंपर पाण्याने धुऊन, चांगल्या उजेडात, हाती टॉर्च घेऊन प्लेटच्या चारही कडा निरखाव्यात. प्लेटच्या भोकांत काय दिसते, हा पहिला प्रश्न. गुळगुळीत, गोल, खाच नसलेले डोके दिसले तर ते स्नॅप लॉक. अधिक चिन्हाची खाच किंवा षट्कोनी डोके दिसले तर साधा स्क्रू वा बोल्ट. दुसरा प्रश्न ब्रॅकेट बंपरला कशाने धरला आहे हा. तो कडांबाहेर आलेल्या स्क्रूंनी, खालच्या कडेच्या खुंट्यांनी, बंपरच्या आतल्या बाजूने आलेल्या नटांनी किंवा प्लेटच्या मागे दडलेल्या स्क्रूंनी धरलेला असू शकतो.

या दोन उत्तरांवर पुढचे सगळे ठरते. प्लेट स्नॅप लॉकने फक्त ब्रॅकेटला जोडलेली असेल आणि ब्रॅकेट स्वतंत्र स्क्रूंनी बंपरला लावलेला असेल, तर प्लेट आणि ब्रॅकेट एकत्रच, कुलपाला धक्का न लावता, बंपरवरून उतरवता येतात. बंपरला थोडे पॉलिश करायचे आहे किंवा सैल झालेला स्क्रू बदलायचा आहे, अशा वेळी एवढे पुरते. ब्रॅकेटचे स्क्रू प्लेटच्या मागे असतील, किंवा कुलपाचा खिळा प्लेट, ब्रॅकेट आणि बंपर या तिन्हींतून आरपार गेला असेल, तर ब्रॅकेटपर्यंत पोहोचण्याचा रस्ता कुलूप तोडूनच जातो. तिथे थांबावे. कंपनीचे सेवा केंद्र किंवा एचएसआरपी बसवणारे अधिकृत केंद्र यांच्याकडे गाडी न्यावी. ते कुलूप तोडून नवे बसवू शकतात आणि त्याची नोंद ठेवू शकतात. घरी ड्रिलने कुलूप उडवून त्या जागी साधा स्क्रू पिळणे हा प्रकार सर्रास चालतो. पण पुढे तपासणीत अशी प्लेट छेडछाड केलेली ठरू शकते आणि खुलासा करण्याची जबाबदारी मालकावर येते.

तिसरी शक्यता जुन्या गाड्यांची. त्यांवर अजून साधी प्लेट साध्या स्क्रूंनी बसवलेली असेल, तर घरच्या कामाला पूर्ण मोकळीक आहे. उलट नवी प्लेट बसवून घेण्याची तारीख मिळाली असेल, तर त्याआधी मोडका ब्रॅकेट बदलून जुनी प्लेट नव्या ब्रॅकेटवर लावून ठेवणे शहाणपणाचे. प्लेट बसवणाऱ्यापुढे गाड्यांची रांग असते. तो समोर येईल त्या ब्रॅकेटवर कुलूप दाबून मोकळा होतो. तडकलेल्या ब्रॅकेटवर नवी कोरी प्लेट एकदा कुलूपबंद झाली, की तोच ब्रॅकेट बदलण्यासाठी पुन्हा कुलूप तोडण्याची पाळी येते.

गंजलेले स्क्रू

किनारपट्टीवरच्या गाड्यांत या कामाचा खरा वेळ एकाच गोष्टीत जातो. मिरामार, वास्को किंवा कळंगुट या भागांत रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे स्क्रू चार पावसाळ्यांत ओळखू येत नाहीत. हवेतला खार एकीकडे. दुसरीकडे ॲल्युमिनियमची प्लेट आणि लोखंडी स्क्रू हे दोन भिन्न धातू खारट ओलाव्यात एकमेकांना टेकले की झीज अधिक वेगाने होते. स्क्रूभोवती पांढरट भुकटी जमलेली दिसते, ती ॲल्युमिनियमच्या झिजेची; तांबूस थर लोखंडाच्या गंजाचा.

अशा स्क्रूवर सरळ जोर लावू नये. जुन्या टूथब्रशने खाच आधी मोकळी करावी. गंज सोडवणारा तेलाचा फवारा डोक्याच्या कडेला थोडासाच मारावा आणि पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. रंगावर ओघळलेले तेल लगेच पुसून टाकावे. पेट्रोल किंवा थिनर मात्र वापरू नये. थिनर बंपरचा रंग उचलतो. नंतर खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. या ठिकाणी सहसा दोन नंबरचा फिलिप्स लागतो, आणि षट्कोनी डोके असेल तर बहुधा दहाचा पाना. लहान टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने खाच खरवडली गेली की दहा मिनिटांचे काम तासाचे होते. सरळ दाबून आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने फिरवावे आणि मग उलट. गंजाची पकड अशाने लवकर सुटते. खाच आधीच खरवडलेली असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये धरून दाबल्यास स्क्रूड्रायव्हर पुष्कळदा पकड घेतो. तेही जमले नाही आणि डोके बाहेर उचललेले असेल, तर पकडीने धरून फिरवावे.

स्क्रू फिरतो पण बाहेर येत नाही, ही तक्रारही नेहमीची. प्लास्टिकमधले आटे झिजलेले असतात किंवा आतला नट सोबत फिरत असतो. पहिल्या स्थितीत स्क्रूच्या डोक्याखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून ते हलके उचलत फिरवावे. लोखंडी पाते घातल्यास खाली कापडाची घडी हवी, नाहीतर रंगावर ओरखडा उठतो. दुसऱ्या स्थितीत बंपरच्या खालून हात घालून नट धरावा लागतो. काही गाड्यांत त्यासाठी खालचे प्लास्टिकचे आवरण उतरवावे लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक हे चाक बदलण्याचे साधन आहे, गाडीखाली काम करण्याचे नव्हे. हात पोहोचत नसेल तर मेस्त्रीकडच्या लिफ्टवर ते पाच मिनिटांत होते.

रिपीट, डिंक आणि बंपरच्या मागे काय असते

काही ठिकाणी ब्रॅकेट ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने, गॅरेजच्या भाषेत ‘रिपीट’ मारून, पक्का केलेला असतो. तो काढण्यासाठी त्याच्या डोक्यावर ड्रिल चालवावे लागते. धोका ड्रिलच्या टोकापुढे काय येते त्याचा असतो. बंपरचे बाहेर दिसणारे कवच सहसा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असते आणि जेमतेम दोन-चार मिलिमीटर जाडीचे. त्यामागे ठिकठिकाणी फोम आणि धातूची आडवी पट्टी असते, पण जाळीच्या आसपास मोकळी जागा असते आणि तिच्यामागे थोड्याच अंतरावर एअर कंडिशनरचा कंडेन्सर आणि त्याच्या पाठीशी रेडिएटर उभा असतो. लांब ड्रिल घसरून आत गेले आणि कंडेन्सरच्या नळीला भोक पडले, तर सगळा गॅस निघून जातो आणि शंभर रुपयांच्या ब्रॅकेटपायी काही हजारांचा भाग बदलावा लागतो. म्हणून ड्रिलच्या पात्याला टोकापासून सहा-सात मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी आणि त्यापुढे पाते जाऊ देऊ नये. रिपीटचे डोके गळून पडले की थांबावे; उरलेला दांडा आत ढकलता येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

काम करताना इंजिन गार आणि इग्निशन बंद असावे, किल्ली गाडीत लावलेली नसावी. तापलेल्या इंजिनाचा रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही आपोआप सुरू होतो. नव्या गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर किंवा स्वयंचलित ब्रेकसाठीचे रडार असते. ते प्लेटच्या जवळ असेल तर हातोडी-छिन्नीचा विचारही करू नये आणि मालकाच्या पुस्तिकेतील आकृती आधी पाहावी.

दुतर्फी चिकटपट्टीने बसवलेला ब्रॅकेट सर्वांत निरुपद्रवी. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटे ऊब द्यावी. बोट टेकवता येईल इतकीच, कारण त्याहून गरम केले की रंगाला फुगे येतात. मग मासेमारीच्या नायलॉन दोरीचा हातभर तुकडा दोन्ही हातांत ताणून ब्रॅकेटच्या मागून करवतीसारखा ओढत न्यावा. गोव्यात ही दोरी कुठल्याही बाजारपेठेत मिळते. उरलेला डिंक अंगठ्याने गोल घासत गोळा करावा. राहिलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने निघतो. खुंट्यांवर बसणारा ब्रॅकेटही असाच थोडा कोमट करून सोडवावा. जुने प्लास्टिक गार असताना लवत नाही, तुटते.

लोखंडी बुल गार्डवर प्लेट हलवलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. असे गार्ड काढून टाकण्याविषयी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते, तरी ते अजून रस्त्यावर दिसतात. गार्ड उतरवला की बंपरवरचा मूळ ब्रॅकेट बहुधा नाहीसा झालेला असतो. अशा वेळी त्याच मॉडेलचा ब्रॅकेट मागवावा. सरसकट सर्व गाड्यांना बसणारी फ्रेम म्हणून जे विकले जाते ते बंपरच्या वळणावर बसत नाही आणि हादऱ्यांनी रंग घासत राहते.

भोके, डाग आणि पुन्हा बसवणी

ब्रॅकेट निघाल्यावर खालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. त्यातला जो भाग मळाचा आणि मेणाचा असतो तो रबिंग कंपाउंडने जातो. उन्हाने बाहेरचा रंग फिका झाल्यामुळे पडलेला फरक कशानेही जात नाही. तसा तो नव्या ब्रॅकेटखाली झाकलाच जाणार असतो, तेव्हा त्यापायी जीव आटवण्याचे कारण नाही. बंपर प्लास्टिकचा असल्याने भोकांतून गंज धरत नाही. आटे झिजलेले भोक मोठे करण्याऐवजी त्यात प्लास्टिकचा फुगणारा नट बसवावा.

परत बसवताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत, परंतु स्टेनलेसही ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नये. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. वॉशर दहा रुपयांत मिळतो, आणि खाऱ्या वाऱ्यात तोच प्लेटचे आयुष्य वाढवतो. स्क्रू बसेल इतकेच पिळावेत. एचएसआरपीला नवे भोक पाडू नये, ती कापू किंवा वाकवू नये. बाजारात मिळणाऱ्या रुंद कडांच्या शोभेच्या फ्रेम टाळाव्यात. त्यांची डावी कड नेमकी होलोग्राम आणि लेझर क्रमांक झाकते, आणि कॅमेऱ्याला क्रमांक वाचता आला तरी प्लेट नियमात बसत नाही. हीच गोष्ट विजेवरच्या गाडीच्या हिरव्या प्लेटला लागू आहे, आणि आपल्याकडे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांच्या काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांच्या प्लेटलाही.

प्लेट उतरलेली असताना

पुढची प्लेट जागेवर नाही, तोवर गाडी अंगणातच राहावी. प्लेट आतून काचेशी टेकवून ठेवली म्हणजे भागते, हा समज चुकीचा आहे. काचेवर आतून चिकटवलेला नोंदणीचा स्टिकर (पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, इतरांना राखाडी) हा एचएसआरपीचाच एक भाग असला, तरी तो पुढच्या प्लेटची जागा घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, म्हणजे इतर कलमांत वेगळी शिक्षा न सांगितलेल्या नियमभंगासाठी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. काही राज्ये एचएसआरपीच्या बाबतीत यापेक्षा कडक कलमे लावतात. बंपर रंगवायला न्यायचा असेल, तर गाडी प्लेटसह गॅरेजपर्यंत न्यावी आणि ब्रॅकेट तेथेच उतरवावा. उतरवलेली प्लेट गॅरेजच्या फळीवर सोडून येऊ नये. गाडी परत मिळेपर्यंत ती घरी ठेवावी.

काम करताना प्लेट तडकली किंवा कुलूप चुकून तुटलेच, तर प्लेट फेकून देऊ नये. नव्या प्लेटसाठी वाहन कंपनीच्या विक्रेत्यामार्फत किंवा अधिकृत केंद्राकडे मागणी नोंदवताना जुनी प्लेट परत द्यावी लागते. प्लेट हरवली वा चोरीस गेली, तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत हाती घ्यावी. त्या क्रमांकाची प्लेट दुसऱ्या गाडीवर फिरली, तर आपली गाडी त्या दिवशी कोठे होती हे सांगताना हीच प्रत उपयोगी पडते.